हलते अंगण

आमच्या घरी लहानथोर सर्वांना सारखाच लागू असलेला नियम एकच होता, दिवेलागणीच्या आत पाय अंगणाला लागले पाहिजेत. घर दाभोळच्या खाडीकाठचे. आजी तुळशीपुढे दिवा लावी, पदराला हात पुसत पायरीवर उभी राही आणि परतलेली डोकी मोजी. एखादे डोके कमी भरले तर ती आत जात नसे. त्या वयात मला त्या मोजणीचा राग येई. पुढे मी नौदलात हेलिकॉप्टरचा वैमानिक झालो आणि आयुष्यातली बरीच वर्षे अशा एका अंगणात परतत राहिलो, जे निघताना जिथे सोडले तिथे परतताना कधीच नसे.

निवृत्तीनंतर भेटणारी माणसे मला वादळांविषयी आणि समुद्री चाच्यांविषयी विचारतात. त्यांची उत्सुकता खरी असते, आणि मीही आठवेल ते सांगतो. पण जहाजावरच्या वैमानिकाचा दिवस ज्या एका गोष्टीभोवती फिरतो ती कुणी विचारत नाही, आणि मलाही ती पुष्कळ उशिरा नीट कळली. ती गोष्ट म्हणजे परत येण्याची जागा चालती असणे. जमिनीवरचा विमानतळ तुमची वाट पाहत एका ठिकाणी पडून असतो. जहाजाला मात्र स्वतःची कामे असतात.

मी सांगतो आहे तो काळ २०१० च्या पावसाळ्याचा आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांचा. एडनच्या आखातात सोमाली चाच्यांचा उपद्रव वाढल्यानंतर २००८ च्या ऑक्टोबरपासून भारतीय नौदलाचे एक तरी जहाज तेथे सतत गस्तीवर असे. व्यापारी जहाजांसाठी आखातातून सुमारे ४९० सागरी मैल लांबीचा एक पट्टा ठरवून दिलेला होता. त्यातून पूर्वेकडे जाणाऱ्यांची वाट वेगळी आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांची वेगळी, आणि या वाटांवर युद्धनौकांची ये-जा चाले. आमची फ्रिगेट त्यांपैकी एक. तिच्या पाठीमागच्या बाजूला हँगर, हँगरमध्ये एक चेतक, आणि हँगरसमोर बॅडमिंटनची दोन कोर्टे शेजारी शेजारी मांडावीत एवढा फ्लाइट डेक. तेच माझे अंगण.

चेतक हे मूळचे फ्रेंच आल्युएत-३ हेलिकॉप्टर. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने १९६५ पासून ते बंगळूरला परवान्यावर बांधायला घेतले आणि महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव त्याला मिळाले. तीन पात्यांचा सुमारे अकरा मीटर व्यासाचा पंखा, पुढे काचेचा मोठा फुगा आणि एकच इंजिन. समुद्रावर उडणाऱ्याच्या मनात हे ‘एकच’ कायम जागे असते. सी किंगसारख्या दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरवरचे आमचे मित्र आम्हाला त्यावरून चिडवत, पण मला त्या एका इंजिनाविषयी अतोनात माया होती आणि आजही आहे. त्याच्या आवाजातला किंचित फरकदेखील मला पाठीच्या कण्यातून कळे. सर्वच एक इंजिनवाल्यांना तो कळत असावा.

पहाटे साडेचारला माझा दिवस सुरू होई. उजाडताना आणि मावळताना लहान होड्या दिसायला अवघड असतात आणि हल्ल्यांची भीतीही त्या वेळी अधिक असे, म्हणून पहिले उड्डाण सूर्य वर येता येता करावे लागे. अंधारात केबिनमधून बाहेर पडलो की गॅलीतून पुरी तळल्याचा वास येई. ऑपरेशन्स रूममध्ये वारा, लाटा, दृश्यता, रात्रीत पट्ट्यात शिरलेली जहाजे आणि कुणी कळवलेल्या संशयास्पद होड्या यांची माहिती मिळे. मग नेव्हिगेटर नकाशावर एक रेघ आखून दाखवी. पुढल्या दोन तासांत जहाज या दिशेने, या वेगाने जाईल, असे ती रेघ सांगे. ती मी मांडीवर बांधलेल्या पाटीवर उतरवून घेई. परतीचा पत्ता म्हणजे ती रेघ.

हँगरमध्ये तोवर चीफ आणि त्यांची माणसे कामाला लागलेली असत. जहाजावर चेतकबरोबर येणाऱ्या सर्व माणसांना मिळून ‘फ्लाइट’ म्हणतात. आम्ही दोन-तीन वैमानिक, एक डायव्हर आणि बाकी सगळे तंत्रज्ञ. चीफ ओडिशाच्या किनाऱ्याकडचे, माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे, बोलायला अगदी कमी. हँगरच्या भिंतीवर त्यांची हत्यारांची फळी होती. प्रत्येक पाना, प्रत्येक पक्कड, प्रत्येक स्क्रूड्रायव्हर फळीवर जिथे टांगायचा तिथे त्याचीच आकृती काळ्या रंगाने रंगवलेली. हत्यार जागेवर नसेल तर त्याची काळी सावली उघडी पडते आणि दुरूनही दिसते. कामानंतर फळीवर एकही सावली उघडी राहता कामा नये. राहिली तर ते हत्यार सापडेपर्यंत उड्डाण बंद, कारण ते चेतकच्या पोटात कुठे अडकले असेल तर आकाशात त्याचे काय होईल ते सांगता येत नाही. एकदा एका लहानशा पान्यासाठी आमची सकाळ गेली. कॅप्टनने दोनदा विचारणा केली आणि चीफनी दोन्ही वेळा शांतपणे “नाही सर” असे उत्तर दिले. शेवटी तो पाना एका तरुण नौसैनिकाच्या ओव्हरऑलच्या शिवणीत सापडला. त्या मुलाला चीफ ओरडले नाहीत. त्यांनी पाना त्याच्याच हातात दिला आणि फळीवर टांगायला लावला.

वैमानिकाचे कौतुक जरा जास्तच होते, असे माझे मत आहे. आकाशात मी दिवसाला तीन-चार तास असे, पण त्या तीन-चार तासांसाठी ही माणसे चौदा चौदा तास लोखंडी हँगरच्या भट्टीत राबत.

उड्डाणाची वेळ झाली की जहाजभर घोषणा होते. फ्लाइंग स्टेशन्स. कुणी उघड्यावर टोपी घालायची नाही, कचरा पाण्यात टाकायचा नाही, कारण हलकी वस्तू वाऱ्याने उडून इंजिनात जाऊ शकते आणि कचऱ्यावर पक्षी जमतात. अग्निशमनाचे जवान नळ्या ताणून उभे राहतात, बचाव बोट उतरवायला सज्ज केली जाते. आणि मग जी गोष्ट घडे तिने मला शेवटच्या दिवसापर्यंत संकोचायला होत असे. हेलिकॉप्टरला वारा योग्य कोनातून मिळावा म्हणून आख्खे जहाज आपली दिशा बदलते. साडेतीन हजार टनांहून अधिक वजनाचे लोखंड, तीनशे माणसे, त्यांच्या स्वयंपाकघरातली उकळती आमटी, त्यांच्या बंकवरची झोप, हे सगळे एका बाजूला कलते, कारण मला निघायचे असते. साखळ्या सुटतात, चाकांखालची अडण काढली जाते, डेकवरचा अधिकारी दोन्ही हात वर करतो, आणि पुढल्या श्वासाला पायांखाली पाणी असते.

पट्ट्यातले उड्डाण म्हणजे पाहणे आणि मोजणे. सहा-सातशे फुटांवरून मैलोन्मैल निळे-करडे पाणी पाहायचे आणि त्यातल्या प्रत्येक ठिपक्याची ओळख पटवायची. बहुतेक ठिपके येमेनी किंवा सोमाली कोळ्यांचे. चाच्यांच्या आणि कोळ्यांच्या होड्या एकाच घडणीच्या, फायबरच्या, मागे इंजिन लावलेल्या. बंदूक दिसली म्हणून माणूस चाचा ठरत नाही, त्या पाण्यात कोळीही स्वसंरक्षणासाठी ती बाळगत. आम्ही शोधत असू शिडी. मोठ्या जहाजाच्या उंच कडेला अडकवण्यासाठी आकडे लावलेली लांब शिडी मासेमारीला लागत नाही. जाळे दिसले की मन हलके होई. दोन-तीन इंजिने, इंधनाची भरमसाठ पिंपे आणि शिडी दिसली की मागे बसलेले नौदलाचे मार्कोस कमांडो सरसावून बसत आणि आमच्या छायाचित्रकाराची बोटे भराभर चालत. २००८ च्या नोव्हेंबरात आयएनएस तबरने ‘जग अर्णव’ या भारतीय मालवाहू जहाजावरचा हल्ला परतवला, तेव्हाही कमांडोंना घेऊन हेलिकॉप्टरच पुढे धावले होते. ती हकीकत आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ होती. आमच्या वाट्याला आलेल्या बहुतेक होड्या मात्र हेलिकॉप्टर डोक्यावर आल्यावर जाळे ओढण्याचे थांबवून हात हलवणाऱ्या माणसांच्या होत्या. कधी कच्छच्या मांडवीकडचे लाकडी गलबत दिसे, माल लादून सोमालियाच्या किनाऱ्याकडे निघालेले. शिडाच्या काठीवर तिरंगा आणि डेकवर वाळत घातलेल्या लुंग्या. त्यांतला एखादा खलाशी नुकताच पकडलेला सुरमईसारखा मासा दोन्ही हातांनी उंच धरून आम्हाला दाखवी. त्या काचेच्या फुग्यात बसून ऊन भाजून काढत असे, ओव्हरऑलवर लाइफ जॅकेट, त्यावर गोळीरोधक जाकीट, घामाच्या धारा बुटांपर्यंत पोचलेल्या, पण असा मासा दिसला की दिवसभर पुरेल एवढा आनंद होई.

मग परतायचे. आमच्या बोलीत आपल्या जहाजाला ‘मदर’ म्हणतात. ब्रिटिश नौदलाकडून आलेला हा शब्द रेडिओवर दिवसातून पन्नास वेळा उच्चारला जातो, इतक्या सवयीने की त्याचा अर्थ कुणाच्या मनात येत नाही. जहाजाची दिशा आणि अंतर हवे असेल तर ‘पिजन्स टू मदर’ असे विचारायचे. कबुतराने घराची वाट विचारावी तसे. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मी तरुण होतो आणि मला त्यात काही विशेष वाटले नव्हते. आता वयाच्या या टप्प्यावर कुणीतरी ते शब्द पहिल्यांदा योजले असतील त्या क्षणाचा मी विचार करतो.

डेकवर उतरणे ही आमच्या विद्येची खरी परीक्षा. जहाज पुढे जात असते, डावी-उजवीकडे झुकत असते, नाक वर-खाली करीत असते, आणि मागचा डेक तर आठ-दहा फूट सहज वर-खाली होतो. नवा वैमानिक डेककडे पाहतो आणि त्याच्याबरोबर हलू लागतो. डेक वर आला की हा वर, डेक कलला की हा कलतो, आणि काही क्षणांत दोघांच्या हालचाली एकमेकींच्या उलट पडून तो संकटात सापडतो. शिकवणारे सांगतात ते ऐकायला सोपे आहे. डेककडे पाहू नका, क्षितिजाकडे पाहा. जहाजाच्या डाव्या बाजूला, त्याच्याच वेगाने, क्षितिजाशी समांतर स्थिर राहा. त्याला त्याचे हलणे हलू द्या. लाटा थव्याथव्याने येतात. मोठ्या लाटांचा एक थवा निघून गेला की जहाज थोडे सेकंद शांत होते. तेवढ्यात उजवीकडे सरकायचे, डेकच्या मध्यावर यायचे, आणि मन घट्ट करून खाली टेकायचे. हळुवार टेकण्याचा मोह धरायचा नाही.

हे मला कोचीच्या आणि अरक्कोणमच्या प्रशिक्षकांनी शिकवले असले तरी मी ते त्याआधी पाहिलेले होते. पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या खाडीच्या मुखावर पाणी फुटू लागे. तेव्हा मासळी घेऊन परतणाऱ्या होड्या बाहेरच थबकत. तांडेल सुकाणूवर हात ठेवून मागे पाहत उभा असे. एक, दोन, तीन मोठ्या लाटा जाऊ देई, आणि मग अचानक ओरडे की सगळे एकदम वल्ह्यांवर पडत आणि होडी खाडीत शिरे. काठावर उभ्या असलेल्या आम्हा मुलांना तो का थांबला होता तेही कळत नसे आणि का निघाला तेही कळत नसे. पहिल्यांदा खवळलेल्या समुद्रात फ्रिगेटवर उतरलो, तेव्हा चाके टेकल्यावर मला त्या तांडेलाची पाठ आठवली.

उड्डाणांच्या मधला काळ वाट पाहण्याचा. ओव्हरऑल चढवून, बूट घालून, हाकेसरशी पंधरा मिनिटांत हवेत जाता येईल अशा तयारीत बसायचे, जेवायचे, झोपायचे. पहिल्या दहा दिवसांत ताजी भाजी संपते. त्यानंतर बटाटा, कांदा, डाळ आणि डबाबंद वस्तूंची निरनिराळी रूपे. आठवड्यातून एकदा उपग्रहाच्या फोनवर मोजकी मिनिटे मिळत. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. नेव्ही नगरच्या घरात तिने भिंतीवर जगाचा नकाशा लावला होता, आणि फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “बाबा, आज तुम्ही नकाशात कुठे आहात?” जहाजाचा ठावठिकाणा फोनवर सांगायचा नसतो. मी म्हणे, “पाण्यावर.” ती म्हणे, “ते मला माहीत आहे.” बायकोने इतक्या वर्षांत कधी येणार असे फोनवर एकदाही विचारले नाही. गॅसचा सिलेंडर, शाळेचे गणित, सासूबाईंचे गुडघे याविषयी ती सांगत राही, आणि तिच्या आवाजावरून मी बाकीचे समजून घेई.

ऑगस्टमध्ये आम्ही इंधन आणि शिधा घेण्यासाठी ओमानच्या सलाला बंदरात दोन दिवस थांबलो. अरबस्तान म्हटल्यावर मनात वाळवंट असते. सलाला त्या मोसमात हिरवेगार असते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा एक पदर तिथल्या डोंगरांना अडतो आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत धुके आणि बारीक पाऊस असतो. रस्त्याच्या कडेला शहाळी आणि केळी विकणारे बसलेले, त्यांच्या टपऱ्यांमागे माडांच्या रांगा. टॅक्सीवाल्याने या मोसमाचे नाव सांगितले, ‘खरीफ’. मी ते दोनदा म्हणून पाहिले. आमच्या गावी खरीप म्हणजे भात, चिखल, इरली, आणि तोच अरबी शब्द फिरत फिरत आमच्या शेतावर येऊन आमचा झालेला. एका टपरीसमोर शहाळ्याचे पाणी पीत मी कितीतरी वेळ त्या पावसात उभा राहिलो. त्या दोन दिवसांत जमिनीवर चालताना पाय मात्र डोलत राहिले.

सप्टेंबरच्या अखेरीस एका दुपारी मी उडालो. नेव्हिगेटरची रेघ होती ०७२ दिशा, म्हणजे साधारण पूर्वेकडे, वेग १२ नॉट्स, म्हणजे तासाला १२ सागरी मैल. हेलिकॉप्टरला जहाजाची दिशा दाखवणारा रेडिओ बीकन त्या दिवशी बिघडलेला होता, हे आम्हाला माहीत होते. हवा स्वच्छ होती, त्यामुळे कुणालाच त्याची फारशी काळजी वाटली नाही, आणि त्या ‘कुणालाच’मध्ये पहिला मी होतो. दक्षिणेकडे होड्यांचा एक पुंजका कळवला गेला होता. तो पाहण्यात, खाली जाऊन छायाचित्रे घेण्यात आणि अखेरीस ते कोळीच आहेत अशी खात्री पटण्यात वेळ गेला. पावणेदोन तासांनी आम्ही रेघेवरच्या ठरल्या जागी आलो.

तिथे जहाज नव्हते.

रिकाम्या समुद्राकडे पाहताना पहिले काही क्षण माणूस स्वतःवर अविश्वास दाखवतो. मी घड्याळ पाहिले, दिशा पाहिली, पाटीवरचे आकडे पुन्हा जुळवले. सहवैमानिकाने तेच केले. रेडिओवर हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नुसती खरखर. क्षितिजावर एक तेलवाहू जहाज पश्चिमेला चालले होते. त्याच्या डेकवर पाइपांचे जंगल, उतरायला जागा नाही. चेतकच्या टाकीत सुमारे पावणेसहाशे लिटर इंधन मावते. काट्यावर उरले होते ते सुमारे चाळीस मिनिटांचे. मागे बसलेली माणसे काही बोलत नव्हती, पण इंटरकॉमवर त्यांचे श्वास ऐकू येत होते.

अशा वेळी मन एकच सुचवते, कुठेतरी जा. शोधायला लागा. उत्तरेला जाऊन पाहा, मग पूर्वेला. माझा हात काठीवर वळू लागलाच होता. मी तो आवरला, याला मी आजही माझ्या आयुष्यातले मोठे काम मानतो. आम्ही ज्या रेडिओवर बोलत होतो त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात. पाचशे फुटांवरून जहाजाशी बोलायचे तर तीस-चाळीस मैलांपलीकडे पृथ्वीची गोलाई आड येते. तीन हजार फुटांवरून तेच अंतर जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे जायचे होते ते वर. पण वर चढायला इंधन लागते, आणि ते वाचवण्याच्या वेळी उधळल्यासारखे वाटते. आम्ही जागेवरच गोल फिरत चढू लागलो. हजार. पंधराशे. हाक, खरखर. दोन हजार. हाक, खरखर. बावीसशे फुटांच्या आसपास त्या खरखरीत एक मानवी आवाज मिसळला. शब्द कळत नव्हते. अडीच हजारांवर ते कळले. कंट्रोलरचा आवाज, अगदी सपाट, जणू तो ते वाक्य बराच वेळ पुन्हा पुन्हा म्हणत आला होता. आमचे हाकेचे नाव, मग “पिजन्स टू मदर, २५२, ४६ मैल.”

झाले होते असे. आम्ही निघाल्यानंतर थोड्याच वेळात पट्ट्याच्या पश्चिम भागातून एका व्यापारी जहाजाने आपल्यामागे दोन वेगवान होड्या लागल्याचे ओरडून कळवले होते. कॅप्टनने जहाज वळवले आणि २६ नॉट्सनी उलट्या दिशेला धाव घेतली. आम्हाला लगेच कळवण्याचा प्रयत्न झाला, पण आम्ही तेव्हा होड्यांच्या डोक्यावर, पाण्यालगत होतो, आवाजाच्या आड. त्या व्यापारी जहाजावर वीस-बावीस माणसे होती. कॅप्टनच्या जागी मी असतो तर मीही वळलो असतो, हे मी पूर्ण विचाराअंती लिहितो आहे.

४६ मैल म्हणजे आमच्या वेगाने अर्धा तास, आणि समोरून वारा. पण त्या होड्या युद्धनौका दिसताच पसार झाल्या होत्या, आणि मदर आता आमच्याकडे तोंड करून पूर्ण वेगाने येत होती. ती आकृती डोक्यात मांडली की पुढचे गणित सुटते. मधले अंतर दोघांनी मिळून तोडायचे होते. पंचवीस मिनिटे आम्ही कुणीही कामाखेरीज एक शब्द बोललो नाही. सहवैमानिक दर दोन मिनिटांनी इंधनाचा आकडा वाचत होता. सूर्य खाली येऊन बरोबर डोळ्यांसमोर आला होता, पाणी पितळेच्या परातीसारखे लखलखत होते, आणि त्या लखलखाटात जहाज दिसण्याआधी मला त्याच्या नाकाखाली फुटलेल्या पाण्याची पांढरी मिशी दिसली. जवळ आल्यावर जहाजाने वाऱ्यासाठी वळण घेतले. एवढ्या घाईतही त्यांनी कोन अचूक दिला. मोठ्या लाटांचा एक थवा येत होता. काट्याकडे पाहू नको, असे मी स्वतःला बजावले. क्षितिजाकडे पाहिले, एक जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, आणि टेकलो.

चाके टेकताच चार नौसैनिक वाकून धावत आले आणि साखळ्या अडकवल्या. डेकच्या कडेला चीफ उभे होते. त्यांच्या दोन्ही हातांत एकेक जादा साखळी होती. मला नंतर कळले की रेडिओ संपर्क तुटल्यापासून, म्हणजे सव्वा तासाहून अधिक वेळ, ते तिथे तसेच उभे होते. कुणी आत चला म्हटले तर मान हलवत. इंजिन बंद झाले, पंखा थांबला, कान सुन्न करणारी शांतता आली. मी खाली उतरलो तेव्हा गुडघे माझे नव्हते. चीफ जवळ आले आणि त्यांनी रोजच्याच आवाजात रोजचाच प्रश्न विचारला, “सर, कोई स्नॅग?”

स्नॅग म्हणजे दोष. उड्डाणात हेलिकॉप्टरने काही कुरकुर केली असेल तर वैमानिकाने ती सांगायची आणि वहीत लिहायची. मी म्हणालो, “नो स्नॅग, चीफ.” त्यांनी मान हलवली आणि वही पुढे केली. मी सही केली. माझ्या लॉगबुकात त्या तारखेसमोर २ तास १५ मिनिटे आणि डेक लँडिंग १ असे लिहिलेले आहे. शेऱ्याचा रकाना मी तेव्हा कोरा ठेवला आणि पुढेही तो भरला नाही.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली. २०२१ च्या १७ मे रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा कामगारांच्या निवासाचा तराफा बुडाला, तेव्हा मी घरी दूरचित्रवाणीसमोर बसून होतो. त्यावरच्या २६१ जणांपैकी १८६ जण वाचले. त्या रात्रीच्या लाटांत माणसे वेचण्याचे काम प्रामुख्याने जहाजांनी केले, आणि दुसऱ्या दिवशी कुलाब्याच्या शिक्रा तळावरून हेलिकॉप्टरेही निघाली. पडद्यावर दोरावर लोंबकळणारा डायव्हर दिसला की मला त्या डायव्हरपेक्षा न दिसणारी माणसे आठवत होती. हँगरमध्ये घड्याळाकडे पाहत उभी असलेली.

त्या संध्याकाळचे आणखी एक सांगायचे राहिले. समुद्रावरच्या हवेतले मीठ इंजिनात साचते आणि ते खाऊन टाकते. म्हणून दर दिवसाच्या उड्डाणानंतर इंजिन गोड्या पाण्याने धुवायचे असते. त्या आठवड्यात जहाजावर गोड्या पाण्याची टंचाई होती. तीनशे माणसांना अंघोळीला दिवसातून एकच बादली मिळे, आणि काहींची तीही चुकत होती. अंधार पडला होता. हँगरच्या तांबड्या दिव्यात ती मुले चेतक धूत होती. इंजिनाला त्याचे रोजचे पाणी मिळाले, एक लिटरही कमी नाही. ज्या तरुणाच्या शिवणीत एकदा पाना अडकला होता तोच नळी धरून होता. मी त्याच्या हातातून नळी घेतली. त्याने एकदा चीफकडे पाहिले, चीफ काही म्हणाले नाहीत, तेव्हा त्याने ती सोडली. इंजिनावरून ओघळून आलेले पाणी डेकवर पसरत होते आणि जहाजाबरोबर एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला वाहत होते.

धुणे संपल्यावर पाती घडी करून चेतक आत ढकलले, शटर खाली आले. चीफ फळीसमोर जाऊन उभे राहिले आणि बोटाने एकेक हत्यार मोजू लागले. मी त्यांच्या मागे थांबलो. शेवटच्या ओळीत एक सावली उघडी होती. त्या मुलाने खिशातून पक्कड काढली, ओव्हरऑलला पुसली आणि तिच्या जागी टांगली. चीफनी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून मोजली, आणि मगच आतला दिवा घालवला.